आकाशाचा पत्ता

त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चाळीसेक माणसं जमली होती. लहान मुलं, त्यांचे आईवडील, मफलर गुंडाळलेले दोन-तीन आजोबा. सगळ्यांना मीच बोलावलं होतं. आदल्या दिवशी जिन्याजवळच्या फळ्यावर मी खडूने लिहून ठेवलं होतं, 'उद्या संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आपल्या डोक्यावरून जाणार आहे. सर्वांनी गच्चीवर यावे.' ही वेळ मी इंटरनेटवरून काढली होती. सात दहा झाले, सव्वासात झाले, साडेसात झाले. एक विमान गेलं. दोन वटवाघळं गेली. अवकाश स्थानक काही आलं नाही. लोक चांगले होते, कुणी काही बोललं नाही. फक्त तळमजल्यावरचा सातवीतला मुलगा जिना उतरताना म्हणाला, "काका, नेटवरचं सगळं खोटंच असतं ना?"

त्या प्रश्नाने मला रात्री झोप लागेना. उठून संगणक सुरू केला आणि चूक शोधली. चूक इंटरनेटची नव्हती, माझी होती. अवकाश स्थानक कधी दिसेल हे सांगणाऱ्या संकेतस्थळाला आधी सांगावं लागतं, की तुम्ही उभे कुठे आहात. मी ती जागा भरलीच नव्हती. आपण काही भरलं नाही, तर त्या संकेतस्थळाने शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश धरलेले होते. शून्य अक्षांश-रेखांशाचा बिंदू नकाशावर शोधलात, तर तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, गिनीच्या आखातात सापडतो. थोडक्यात, आमच्या सोसायटीची गच्ची मी नकळत भर समुद्रात नेऊन ठेवली होती आणि तिथलं वेळापत्रक फळ्यावर लिहिलं होतं.

चार दिवसांनी योग्य जागा भरून पुन्हा वेळ काढली. या वेळी बाराच माणसं आली. ठरलेल्या मिनिटाला वायव्येकडून एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका वर चढला, शांतपणे आकाश ओलांडून आग्नेयेकडे निघाला आणि क्षितिजाला पोचायच्या आतच मंद होत होत नाहीसा झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो सातवीतला मुलगा मात्र टाळ्या न वाजवता विचारत होता, "मध्येच कुठे गेलं?"

आज मला बोलायचं आहे ते याच विषयावर. आकाशाची आवड असणाऱ्या सामान्य माणसाला आज इंटरनेटवर काय मिळतं, ते कसं वापरायचं, त्यातलं खरं-खोटं कसं ओळखायचं आणि मुख्य म्हणजे आपल्यालाही त्यात काही करता येतं का?

आधी आपला ठावठिकाणा

त्या मुलाच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने फिरतं. पृथ्वीभोवती एक फेरी मारायला त्याला साधारण दीड तास लागतो. त्याला स्वतःचा असा प्रकाश नाही. आपल्याला दिसतो तो त्याच्यावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. म्हणून ते दिसायला दोन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. आपल्याकडे अंधार हवा आणि वर, त्या उंचीवर, ऊन हवं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी दीड-दोन तास असं घडतं. मध्यरात्री आपल्याबरोबर वरही सावलीच असते, दुपारी आपल्याकडेच लख्ख ऊन असतं. आमच्या गच्चीवरून ते मध्येच दिसेनासं झालं, कारण ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं. मुलांना मी म्हटलं, तिथल्या अंतराळवीरांचा सूर्यास्त आत्ता आपण पाहिला.

हे गणित करून देणारी बरीच संकेतस्थळं आहेत. 'नासा'ची 'स्पॉट द स्टेशन' ही सेवाही आहे. त्यांच्या तक्त्यात चार गोष्टी असतात. पहिली वेळ. ती भारतीय प्रमाणवेळ आहे का, हे पाहून घ्यावं. ग्रीनिचची वेळ असेल तर साडेपाच तास मिळवावे लागतात. दुसरी दिशा. ती अंशांत दिली असेल तर उत्तर म्हणजे शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७०. तिसरी क्षितिजापासूनची उंची, तीही अंशांत. क्षितिजावर शून्य आणि बरोबर डोक्यावर ९०. यासाठी एक सोपं माप आपल्या हातातच आहे. हात पूर्ण लांब करून मूठ वळली, की ती मूठ आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. वीस अंशांच्या खालून जाणारी फेरी शहरात पाहायला जाऊच नये, ती समोरच्या इमारतीमागून जाते. चौथी गोष्ट तेजस्विता, म्हणजे प्रत. इथे नवख्याचा हमखास गोंधळ होतो, कारण आकडा जितका लहान तितकी वस्तू ठळक. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध, त्याची प्रत उणे दीडच्या आसपास आहे. अवकाश स्थानक चांगलं डोक्यावरून गेलं, तर उणे तीनच्याही पुढे जातं. म्हणजे ते व्याधापेक्षा कितीतरी ठळक दिसतं. दुर्बीण लागत नाही, उलट दुर्बिणीत ते धरून ठेवताच येत नाही.

हाच नियम आकाशाच्या बाकी सगळ्या माहितीला लागू आहे. ग्रहण कुठून दिसणार? उल्कावर्षाव किती वाजता? शुक्र कुठल्या बाजूला? या प्रश्नांचं उत्तर जागेशिवाय देताच येत नाही. परदेशी संकेतस्थळावर 'आज रात्री' असं लिहिलेलं असतं, तेव्हा ती रात्र न्यूयॉर्कची आहे की नागपूरची, हे विचारायला हवं.

यासाठी फार उपयोगी पडणारं एक साधन म्हणजे 'स्टेलेरियम' ही मोफत मिळणारी आज्ञावली. संगणकावर ती उतरवून घेतली आणि आपलं गाव सांगितलं, की पडद्यावर आपल्या गावचं आकाश उभं राहतं. तारीख पुढे-मागे करता येते. तुमच्या जन्माच्या रात्री कुठले ग्रह आकाशात होते, तेही दिसतं. (त्यावरून पुढचं भविष्य काढायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आज्ञावली फक्त जागा दाखवते.) एक मात्र लक्षात ठेवावं. पडद्यावर चांदण्यांचा सडा पडलेला दिसतो. त्याच वेळी ठाण्याच्या किंवा पिंपरीच्या गच्चीवर गेलात, तर पंधरा-वीस तारे दिसले तरी पुष्कळ. तेव्हा आज्ञावलीवर रागावू नका. तिच्यात शहरी उजेडाचं प्रमाण ठरवायची सोय आहे. ते वाढवून पाहा. पडद्यावरचे तारे एकेक करून विझत जातात आणि आपण काय गमावून बसलो आहोत, ते समोर दिसतं.

मंगळ, दिवाळी आणि विश्वकिरण

आता खऱ्या-खोट्याकडे वळू. आमच्या गच्चीवरचा मुलगा 'नेटवरचं सगळं खोटं' असं का म्हणाला? कारण त्याच्या घरच्यांच्या फोनवर दर ऑगस्टमध्ये एक निरोप येतो : 'येत्या २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार. आकाशात दोन चंद्र. पुन्हा ही संधी नाही.' घरातले सगळे गच्चीवर जाऊन येतात आणि हिरमुसून परततात. आपल्याकडे ऑगस्टात मंगळ राहू द्या, चंद्रही ढगांतून दिसायची मारामार.

गंमत अशी, की या अफवेचं मूळ खरं आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळजवळ साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. त्या वेळी ई-मेलवरून एक माहितीपत्र फिरलं. ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिलं, तर मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. ते बरोबरच होतं. आकाशात चंद्राची रुंदी साधारण अर्धा अंश, म्हणजे १८०० विकला भरते. त्या दिवशी मंगळाची भरली २५ विकला. १८०० ला २५ ने भागा, ७२ येतात. म्हणजे दुर्बिणीने सत्तर-पंचाहत्तर पट मोठा केल्यावर मंगळ चंद्राएवढा होणार. पण निरोप पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळून पडली. मग सालही गळून पडलं. उरला फक्त '२७ ऑगस्ट' आणि तो दरवर्षी उगवू लागला. वास्तविक मंगळ पृथ्वीच्या जवळ येतो तो साधारण २६ महिन्यांनी एकदा. त्यामुळे लागोपाठ दोन वर्षं एकाच तारखेला तो जवळ असणं शक्यच नाही. आणि २००३ पेक्षाही जवळ तो येणार आहे २२८७ साली.

दुसरं उदाहरण तर आपल्या घरचं आहे. दर दिवाळीला एक चित्र येतं. काळ्या पार्श्वभूमीवर भारत, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे. खाली लिहिलेलं, 'नासाने टिपलेली दिवाळीची रात्र'. पाहून छाती फुगते. पण ते एका रात्रीचं छायाचित्र नव्हेच. अमेरिकी संशोधकांनी हवामान उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून ते तयार केलं होतं. १९९२ च्या आधीपासून असलेले दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे आणि २००३ चे लाल. म्हणजे ते चित्र भारतात वीज आणि शहरं कशी पसरत गेली, याचं आहे. मला विचाराल तर ही खरी गोष्ट त्या खोट्या गोष्टीपेक्षा मोठी आहे. आपल्या गावाभोवती लाल रंग दिसला, तर दिवे तिथे केव्हा पोचले, हे ते चित्र सांगतं. २०१२ मध्ये 'नासा'ने याचा खुलासा केला, त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराचं खरं उपग्रह-छायाचित्रही दिलं आणि दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून वेगळा ओळखू येण्याइतका नसतो, हेही सांगितलं. तरी जुनं चित्र फिरतंच आहे.

तिसरी अफवा : 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन विश्वकिरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल बंद ठेवा.' ज्या विश्वकिरणांवर होमी भाभांनी तरुणपणी संशोधन केलं, ते किरण काही रात्रीची वेळ ठरवून येत नाहीत. ते सतत येत असतात. तुम्ही हे वाचत असतानाही त्यांच्यापासून वातावरणात तयार झालेले कण तुमच्या शरीरातून आरपार जात आहेत. मोबाइल बंद करून काही फरक पडत नाही.

मग ओळखायचं कसं? मी तीन प्रश्न विचारतो. एक, तारखेबरोबर साल दिलं आहे का? साल नसेल, तर निरोप शिळा असण्याची शक्यता फार. दोन, हे मुळात कुणी सांगितलं? 'नासाने सांगितलं' असं असेल, तर 'नासा'च्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन शोधावं. 'इस्रो'चं नाव असेल, तर 'इस्रो'च्या. तीन, एकमेकांवरून नक्कल न केलेल्या दोन ठिकाणी तीच माहिती आहे का? एवढं करायला पाच मिनिटं लागतात. तेवढी फुरसत नसेल, तर निदान निरोप पुढे पाठवू नये.

रंगवलेलं म्हणजे खोटं नव्हे

इथे एक शंका नेहमी येते. हबल दुर्बिणीची किंवा जेम्स वेबची ती रंगीबेरंगी चित्रं, ती तरी खरी का? 'अॅस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे' हे संकेतस्थळ १६ जून १९९५ पासून रोज एक खगोलीय चित्र आणि त्याखाली एका खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेली थोडक्यात माहिती देत आलं आहे. तिथलं चित्र पाहून आपण दुर्बिणीला डोळा लावतो आणि तीच तेजोमेघाची जागा करड्या धुरासारखी दिसते. मग फसवल्यासारखं वाटतं.

पण रोज रात्री बातम्यांच्या शेवटी हवामानाचं चित्र दाखवतात, त्यात ढगांना रंग दिलेले असतात. कुठले ढग जास्त उंच आणि थंड, हे त्या रंगांवरून कळतं. म्हणून ढग खोटे ठरत नाहीत. तसंच हे. हबलचे कॅमेरे वेगवेगळ्या गाळण्या लावून कृष्णधवल चित्रं घेतात, मग प्रत्येकीला एक रंग देऊन ती एकत्र करतात. २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेलेली वेब दुर्बीण तर मुख्यतः अवरक्त प्रकाशात पाहते. तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. तेव्हा रंग द्यावेच लागतात. चित्राखाली गाळण्यांची माहिती दिलेली असते. ती वाचायची सवय लागली, की चित्र नुसतं सुंदर राहत नाही, बोलू लागतं.

प्रेक्षक नव्हे, कामकरी

आतापर्यंत सांगितलं ते पाहणाऱ्याचं. पण इंटरनेटने खरी किमया केली ती पुढे. पूर्वी संशोधकांची छायाचित्रं काचांवर असायची आणि त्या काचा वेधशाळेच्या कपाटात. आज अवकाशयानांनी घेतलेली लाखो चित्रं जगासमोर मोकळी आहेत. ती इतकी आहेत, की पाहायला शास्त्रज्ञ पुरे पडत नाहीत. इथे तुमचा-माझा शिरकाव होतो.

२००७ सालची गोष्ट. ऑक्सफर्डमधल्या केविन शाविन्स्की या तरुण संशोधकाने ५० हजार दीर्घिकांची चित्रं एकेक करून डोळ्यांनी पाहिली होती. ही सर्पिल, ही लंबगोल, अशी वर्गवारी करण्यासाठी. पण त्या सर्वेक्षणात चित्रं होती दहा लाखांच्या घरात. तेव्हा त्याने, ख्रिस लिंटॉट आणि इतर सहकाऱ्यांनी जुलै २००७ मध्ये 'गॅलेक्सी झू' हे संकेतस्थळ सुरू केलं आणि लोकांनाच साकडं घातलं : चित्र पाहा आणि आकार सांगा. पहिल्या वर्षभरात सुमारे दीड लाख लोकांनी मिळून पाच कोटींवर वेळा वर्गवारी केली. एकच चित्र अनेकांना दाखवलं जाई, त्यामुळे एखाद्याची चूक इतरांच्या उत्तरांत भरून निघे.

यातून एक मजेदार गोष्ट समोर आली. डावीकडे वळणाऱ्या सर्पिल दीर्घिका उजवीकडे वळणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत, असं लोकांच्या उत्तरांवरून दिसू लागलं. विश्वाला डावं-उजवं आहे की काय? संशोधकांनी एक युक्ती केली. काही चित्रं आरशातल्यासारखी उलटी करून दाखवली. तरीही लोकांचा कल त्याच बाजूला. म्हणजे खोट विश्वात नव्हती, आपल्या नजरेत होती. मापणाऱ्यालाही मापून घ्यावं लागतं, हा धडा शाळेच्या प्रयोगशाळेत कितीही सांगितला, तरी इतका पटत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेच्या चित्राखाली एक निळसर डाग दिसला. तिने दिलेलं काम पुरं केलं आणि वर विचारलं, हे काय आहे? शास्त्रज्ञांनाही ते सांगता येईना. पुढे मोठ्या दुर्बिणींनी वेध घेतल्यावर कळलं, की तो वायूचा प्रचंड ढग आहे. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी आलेल्या प्रखर प्रारणाने तो अजून उजळलेला आहे. केंद्रातला उजेड मंदावला, पण त्याच्या उजेडाने पेटलेला ढग अजून दिसतो आहे. त्याला आज 'हॅनीचं व्होरवेर्प' म्हणतात. डच भाषेत व्होरवेर्प म्हणजे नुसतं 'वस्तू'. शास्त्रीय साहित्यात एका शिक्षिकेचं नाव कायमचं गेलं, ते तिने एक साधा प्रश्न विचारला म्हणून.

सगळ्यांना असं नाव मिळतं असं नाही. सूर्याकडे तोंड करून बसलेलं 'सोहो' हे यान डिसेंबर १९९५ मध्ये गेलं. त्याच्यातला एक कॅमेरा सूर्यबिंब झाकून भोवतालचं तेजोवलय टिपतो. त्या चित्रांत सूर्याजवळून जाणारे लहान धूमकेतू दिसतात, हे लक्षात आलं. चित्रं इंटरनेटवर येतच होती. जगभरचे हौशी लोक ती तपासू लागले. मार्च २०२४ मध्ये 'सोहो'च्या धूमकेतूंची संख्या पाच हजारांवर गेली, त्यांतले बहुसंख्य अशा हौशी लोकांनी शोधलेले. पण या धूमकेतूंना नाव शोधणाऱ्याचं मिळत नाही, यानाचं मिळतं. तरी लोक रात्र रात्र बसतात.

चेन्नईतला ठिपका

आणि आता आपली गोष्ट. ७ सप्टेंबर २०१९ ची ती पहाट तुमच्याही लक्षात असेल. चांद्रयान-२ चा 'विक्रम' चंद्रावर उतरता उतरता संपर्क तुटला. आपण सगळे हळहळलो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. चेन्नईतला षण्मुग सुब्रमणियन हा अभियंता मात्र थांबला नाही. तो अवकाश संशोधन क्षेत्रातला नव्हता. चंद्राभोवती फिरणाऱ्या 'नासा'च्या 'एलआरओ' या यानाने १७ सप्टेंबरला त्या भागाची चित्रं घेतली होती. २६ सप्टेंबरला ती सगळ्यांसाठी खुली झाली. षण्मुगने त्याच जागेची जुनी आणि नवी चित्रं शेजारी शेजारी ठेवून तपासायला घेतली. रोज नोकरी सांभाळून. शेवटी त्याला एक ठिपका सापडला. जुन्या चित्रात नसलेला, नव्या चित्रात असलेला. एक उजळ ठिपका, बाकी काही नाही.

त्याने तो 'नासा'ला कळवला. तिथल्या गटाने जुनी-नवी चित्रं पडताळली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये यानाने पुन्हा चित्रं घेतली, त्यांत उजेडाचा कोन चांगला होता. डिसेंबर २०१९ च्या सुरुवातीला 'नासा'ने जाहीर केलं, की 'विक्रम'चे अवशेष सापडले आहेत. मुख्य आघाताच्या जागेपासून सुमारे ७५० मीटर वायव्येला असलेला तो तुकडा सर्वप्रथम ओळखल्याचं श्रेय षण्मुगला दिलं. 'विक्रम' कुठे आहे हे आपल्या यानाने आधीच पाहिलं होतं, असं 'इस्रो'ने त्या सुमारास सांगितलं होतं, हेही नोंदवायला हवं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हळहळ सगळ्यांना वाटली. हळहळीचं काम एकाने केलं. त्याच्याजवळ होतं ते घरचा संगणक, इंटरनेट आणि चिकाटी. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा टीव्हीसमोर टाळ्या वाजवताना मला तो ठिपका आठवला.

हे परदेशी चित्रांवरच करता येतं असं नाही. 'इस्रो'ने चांद्रयान, मंगळयान, अॅस्ट्रोसॅट आणि आदित्य-एल१ या मोहिमांची निरीक्षणं इंटरनेटवर खुली केली आहेत. आपल्या नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या निरीक्षणांतून वेगळ्या दिसणाऱ्या रेडिओ दीर्घिका शोधायला विद्यार्थ्यांना शिकवणारा 'रॅड अॅट होम' हा भारतीय उपक्रम २०१३ पासून चालू झाला. खोडदच्या शेतात उभ्या असलेल्या तबकड्यांनी जे ऐकलं, ते तपासायचं काम लातूरच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही करू शकतो.

शोध म्हणजे काय आणि काय नव्हे

एक सावधगिरीची सूचनाही द्यायला हवी. वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, 'अमुक शाळेच्या विद्यार्थ्यांनी लघुग्रह शोधला'. मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. पण पालकांनी त्यातल्या पायऱ्या समजून घ्याव्यात. अशा उपक्रमांत मोठ्या दुर्बिणीने थोड्या थोड्या वेळाने घेतलेली त्याच जागेची चित्रं मुलांना मिळतात. संगणकावर ती एकामागून एक दाखवली, की तारे जागच्या जागी राहतात आणि लघुग्रह सरकतो. सरकणारा ठिपका नोंदवला, की ती झाली प्राथमिक नोंद. इतर निरीक्षणांनी तिला दुजोरा मिळाला, तर तात्पुरता क्रमांक मिळतो. कक्षा पक्की व्हायला पुढे काही वर्षं लागतात. मग कायमचा क्रमांक आणि त्यानंतर नाव. बऱ्याच नोंदी पहिल्या पायरीवरच थांबतात. आपल्या मुलाची नोंद तिथे थांबली, तर ते अपयश नव्हे. पण पहिल्या पायरीलाच 'शोध' म्हणून पेढे वाटले, तर मुलाला शास्त्राऐवजी प्रसिद्धीची गोडी लागते.

आणखी एक. संकेतस्थळं कायमची नसतात. १७ मे १९९९ ला 'सेटी अॅट होम' सुरू झालं होतं. आपला संगणक रिकामा असला, की तो परग्रहावरच्या संदेशांच्या शोधात रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं तपासत बसायचा. जगभरातल्या लाखो लोकांनी आपले संगणक त्याला जोडले. ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवीन काम वाटणं थांबवलं. ज्या अरेसिबो दुर्बिणीची निरीक्षणं त्यात असायची, तीही १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. म्हणून मी सांगतो, एक साधी वही ठेवा. काय पाहिलं, कुठून, किती वाजता, ढग होते का, एवढंच तिच्यात लिहा. पडद्यावर पाहिलेलं पडद्याबरोबर जातं, वहीतलं राहतं.

पुन्हा गच्ची

शेवटी एकच विनंती. संगणकावर आकाश पाहून झालं, की दिवा मालवून बाहेर या. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ फोन खिशात ठेवा. लगेच मोठी दुर्बीण विकत घेऊ नका. आधी नुसत्या डोळ्यांनी दहा नक्षत्रं ओळखा, मग एखादी द्विनेत्री घ्या. सूर्याकडे मात्र नुसत्या डोळ्यांनी किंवा कुठल्याही दुर्बिणीतून थेट पाहू नका. त्यासाठी यानांची रोजची चित्रं इंटरनेटवर आहेत. जवळपासच्या आकाशप्रेमी मंडळात जा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून हे काम करते आहे. आणि वर्षातून एकदा तरी मुलांना काळोख्या जागी न्या. आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे काळोखही आता राखून ठेवावा लागतो.

परवा मी पुन्हा जिन्याजवळच्या फळ्यावर अवकाश स्थानकाची वेळ लिहीत होतो. तो मुलगा, आता आठवीत गेला आहे, दप्तर घेऊन मागे उभा राहिला. सगळं वाचून झाल्यावर म्हणाला, "काका, जागा कुठली भरलीत ते आधी सांगा."

मी खडू त्याच्या हातात दिला. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश त्यानेच वेळेखाली लिहिले.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)